शिस्तीची ढाल

ढाल घरी न्यायची परवानगी नव्हती. म्हणून समिधाने ती छातीशी धरून वर्गातच फोटो काढून घेतला होता, आणि तो तिच्या आईने, मिनलने, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावला होता. एकदा नाही, आठवी ‘ब’ला ढाल मिळाली की दर वेळी. खाली लिहायची, ‘माझी मॉनिटर’. गुहागरच्या आत्यापासून ते ती कामाला जायची त्या कारखान्याच्या गाल्यातल्या बायकांपर्यंत सगळ्यांचे अंगठे यायचे. आज हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या बसल्या तिला तो फोटो आठवला आणि वाटलं, स्वतःच्याच थोबाडीत एक सणसणीत ठेवून द्यावी.

आत समिधाला सलाईन लागलं होतं. तापाने पोरगी भाजून निघाली होती. थंडी अशी भरायची की दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे, आणि डाव्या कुशीला हात लागला की ती ओरडायची. गल्लीतल्या डॉक्टरने नेहमीप्रमाणे इंजेक्शन टोचलं आणि सांगितलं, व्हायरल आहे, सगळीकडे चालूये. समिधा बालवाडीत होती तेव्हापासून हा गृहस्थ तिच्या प्रत्येक तापाला व्हायरलच म्हणत आला होता. लघवी तपासून घ्या, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. शेवटी मिनलच्या नवऱ्याने, दत्तारामने, पोरीला आपल्या टेम्पोत घातलं आणि थेट मीरा रोडला मुलांच्या हॉस्पिटलात आणलं, म्हणून निदान कळलं तरी.

किडनीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फार गोड बोलण्याच्या भानगडीत पडत नव्हत्या. सोनोग्राफीचा कागद पुढे ठेवून म्हणाल्या, “उजवी किडनी चांगली आहे. डावी लहान राहिलीय, तिच्यावर जुने व्रण आहेत. लहानपणचे ते ताप व्हायरल नसणार, लघवीचं इन्फेक्शन असणार. आता पुन्हा झालंय आणि वर किडनीपर्यंत चढलंय. हे बरं होईल. पण असंच होत राहिलं तर डावी जाईल, आणि मग उजवीवर सगळा भार. ते होऊ द्यायचं नाहीये.”

मग त्या समिधाकडे वळल्या. “शाळेत टॉयलेटला किती वेळा जातेस?”

“जात नाही.”

“म्हणजे कमी जातेस?”

“जातच नाही. सकाळी घरून जाऊन येते, मग क्लासवरून घरी आल्यावर.”

“आणि पाणी?”

समिधाने आईकडे बघितलं. “पाणी प्यायलं की लागते ना, मॅडम.”

“असं कसं?” मिनल मध्येच बोलली. “बाटली तर रोज रिकामी येते हिची.”

“गेटपाशी झाडात ओतते मी. भरलेली आणली की तू ओरडतेस.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि एकेक प्रश्न विचारत सगळं बाहेर काढलं. ते ऐकताना मिनलच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या.

शाळेत मुलींच्या टॉयलेटला कुलूप होतं. मधल्या सुट्टीत उघडायचं, तेव्हा सगळ्या शाळेच्या मुली तिथे तुटून पडायच्या, आणि निम्म्यांचा नंबर लागायच्या आधी घंटा व्हायची. एरवी जायचं तर पास. पास म्हणजे कागद नव्हे. गाडीच्या नंबरप्लेटएवढी भगव्या रंगाची पाटी, तिला दोरी, वर लिहिलेलं ‘परवानगी’; ती वर्गाच्या मॉनिटरच्या ताब्यात. ती गळ्यात घालून मुलीने दहावीच्या मुलांच्या वर्गांसमोरून जायचं, ऑफिसात चावी मागायची आणि परत तशीच यायची. मुलं आतून ओरडायची, “गाडी सुटली रे!” एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ ठीक. पण प्रत्येक पासला वर्गाच्या नावापुढे फळ्यावर एक रेघ ओढायची. महिनाअखेर ज्या वर्गाच्या रेघा सगळ्यांत कमी, त्या वर्गाला शिस्तीची ढाल.

“ढाल?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “लघवी न केल्याबद्दल?”

समिधाने मान हलवली. तापातसुद्धा तिच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता. “आमच्याच वर्गाला मिळते, मॅडम.”

ही ज्या कोणाची कल्पना होती त्याने आपली अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे. तासाचा दंगा कमी होतो, मुली वेळ वाया घालवत नाहीत, असे मोठे हिशोब त्याने केले असतील. वाढत्या वयाच्या मुलींच्या पोटात काय चाललंय, याचा हिशोब कोणी केला नव्हता. आणि पालकांना ढाल दिसली. ती कशासाठी मिळते हे एकाही माऊलीने विचारलं नाही. मिनलने तर नाहीच. ती टाळ्या वाजवत बसली.

खरं सांगायचं तर मिनलला त्यात काही वावगं वाटलंही नसतं. ती भाईंदर पूर्वेला इमिटेशन ज्वेलरीच्या गाल्यात खडे चिकटवायला जायची. तिथे आसपासच्या गाल्यांना मिळून एकच संडास, तोही पुरुषांचा म्हणावा असा. बायका संध्याकाळपर्यंत घोटभर पाण्यावर काढायच्या आणि जिला जास्त धरवतं तिचं कौतुक व्हायचं. बाहेरच्या संडासात बसू नये, रोग लागतात, हे मिनलनेच समिधाला लहानपणापासून शिकवलेलं. पोरीने ते मन लावून ऐकलं. इतकं मन लावून तिने गणितसुद्धा कधी केलं नव्हतं.

“दोन ते तीन तासांनी जायचं,” डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावलं. “लागो न लागो. निवांत बसायचं, पूर्ण मोकळं व्हायचं. पाणी भरपूर. रात्रीची गोळी चुकवायची नाही. मी शाळेला चिठ्ठी देते.”

चिठ्ठी घेऊन मिनल शाळेत गेली तेव्हा तिने मनात बोलणी तयारच ठेवली होती, आणि त्यातली बरीचशी चारचौघांत बोलण्याजोगी नव्हती. दत्ताराम गेटपर्यंत आला होता. “हे बघ, डोकं शांत ठेव,” तो म्हणाला. “पोरीला दहावीपर्यंत हितंच काढायचंय. तुझं तोंड सुटलं की मागे फिरत नाय.”

मुख्याध्यापिका देवस्थळी मॅडम खूप सौम्य बाई. त्यांनी चिठ्ठी वाचली, हळहळल्या, मिनलसाठी पाणी मागवलं. मिनलने पेल्याला हात लावला नाही.

“कुलूप कशाला लावलंय मॅडम?”

“काय सांगू तुम्हाला. मागच्या वर्षी कोणीतरी आत रील काढलं. आपल्या युनिफॉर्ममध्ये! संस्थेची केवढी बदनामी झाली. शिवाय मुली तासन्‌तास केस विंचरत बसायच्या.”

“मग मुलांच्या मुतारीला आहे का कुलूप?”

“तिला दारच नाही हो,” मॅडम म्हणाल्या. यात काही हसण्यासारखं किंवा रडण्यासारखं आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. “पण तुम्ही काळजी करू नका. समिधाला आपण सूट देऊ. ती हवं तेव्हा जाईल. तिची रेघ ढालीच्या हिशोबात धरायची नाही, असं मी वर्गशिक्षिकांना सांगते.”

“आणि बाकीच्या मुली?”

“त्यांना कुठे काही झालंय?”

मिनलच्या जिभेवर जे आलं होतं ते बाहेर पडतं तर देवस्थळी मॅडमना आयुष्यभर पुरलं असतं. पण तिला दहावीपर्यंतची वर्षं आठवली, दत्तारामचा चेहरा आठवला. तिने ते गिळलं. ‘थँक्यू मॅडम’ म्हणाली आणि बाहेर आली. पायऱ्या उतरताना तिला कळलं होतं की आपण आपल्या पोरीपुरतं पदरात पाडून घेतलं आणि बाकीच्यांना तिथेच सोडून आलो. त्याचाही राग आला, पण त्या दिवशी तो तिने पायाखाली दाबला.

पुढे रोज संध्याकाळी तिचा एकच धोशा.

“गेलेलीस?”

“हो.”

“कधी?”

“दुसऱ्या तासानंतर. मग सुट्टीत. मग परत शेवटच्या तासाला.”

“पाणी प्यायलीस?”

“हो गं आई, किती विचारतेस.”

बाटली रिकामी यायची. गोळी मिनल स्वतः समोर उभी राहून घ्यायला लावायची. सकाळी पोरीचे डोळे जरा सुजल्यासारखे वाटायचे, पण परीक्षा जवळ आली होती, जागरण होत असेल असं तिने मानून घेतलं. मालक जयेशभाई एकदा म्हणाला, “मिनलबेन, अब तो लडकी ठीक है ना? छुट्टी बहुत हो गई तुम्हारी.” ती म्हणाली, “ठीक है सेठ, एकदम ठीक है.” आणि तिला तसं खरंच वाटत होतं.

महिनाअखेरच्या शनिवारी शाळेने पालकांना बोलावलं. मैदान म्हणजे चारी बाजूंनी इमारती उभ्या राहिल्यावर जे काही उरलं होतं तेवढं. मुली एकीकडे, मुलं दुसरीकडे, पालक मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मिनल अर्धा दिवस मागून आली होती. समिधा रांगेच्या पुढे, मॉनिटरच्या जागी. संस्थेचे कोणी साहेब हार घालून बसले होते. निबंध झाले, चित्रकला झाली. मग देवस्थळी मॅडम माईकपाशी आल्या.

“आता आपल्या सगळ्यांची लाडकी शिस्तीची ढाल! आणि या महिन्यात आठवी ‘ब’ने इतिहास घडवलाय. संपूर्ण महिन्यात एकही पास नाही! एकही नाही! टाळ्या!”

मिनलचे हात आपोआप वर गेले. दोनदा टाळी वाजलीसुद्धा. मग हात थांबले. समिधाचे धरले नसतील, तिने स्वतःला समजावलं. तिला सूट आहे.

“आणि खास कौतुक करायचंय ते मॉनिटर समिधाचं,” मॅडमचा आवाज भरून आला होता. “ती मध्यंतरी आजारी होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून आम्ही तिला सूट दिली होती. पण या मुलीने ती सूट एकदाही, एकदाही वापरली नाही. याला म्हणतात मनोनिग्रह!”

मैदानभर टाळ्या कडाडल्या. समिधा मंचावर चढली. साहेबांनी ढाल तिच्या हातात दिली, आणि पोरगी हसली.

मिनलच्या अंगातून आधी गार काहीतरी सरकलं आणि मग अशी आग उठली की समोरच्या खुर्च्या तिला दिसल्याच नाहीत. एक आडवी झाली, कोणाच्या तरी पायावरून ती गेली, कोणीतरी म्हणालं “अहो ताई, जरा बघके!” ती मंचावर पोचली तेव्हा टाळ्या अजून चालूच होत्या.

“समिधा, खरं आहे हे?”

माईक चालू होता. मिनलचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. टाळ्या थांबल्या.

“आई, प्लीज. खाली जा ना.”

“खरं आहे का, विचारतेय मी!”

देवस्थळी मॅडम पुढे झाल्या. “ताई, आपण नंतर बोलू. आम्ही काही जबरदस्ती केलेली नाही. तिला सूट होती, तिनेच घेतली नाही. त्याला आम्ही काय करणार?”

“तुझी रेघ धरणार नव्हते ना?” मिनलने मॅडमकडे बघितलंही नाही. “मग का नाही गेलीस? माझ्याशी रोज खोटं बोललीस. रोज!”

समिधाने ढाल छातीशी घट्ट धरली. “रेघ नव्हती, पण पाटी घालून जावंच लागतं. मी गेले असते तर बाकीच्या म्हणाल्या असत्या, मॉनिटर जाते मग आम्हीपण जाणार. त्यांच्या तर रेघा धरतात ना. मग आपला वर्ग हरला असता.” तिने आवाज अगदी लहान केला, पण माईकला काय त्याचं. “मीच त्यांना जाऊ देत नव्हते, आई. इशिता परवा रडत होती. तरी नाही दिला मी पास.”

मुलींच्या रांगेत आठवी ‘ब’ खाली मान घालून बसली होती. त्या सगळ्यांत एक बारकीशी मुलगी तेवढी वर बघत होती. ती उभी राहिली.

“मला आत्ता जायचंय,” ती म्हणाली. हीच इशिता.

“इशिता, खाली बस. कार्यक्रम चालू आहे,” मॅडम म्हणाल्या.

“चावी द्या,” मिनल म्हणाली.

“ताई, कार्यक्रम झाल्यावर...”

“चावी!” आता ती ओरडली, आणि स्पीकर किंचाळला. “माझ्या पोरीची एक किडनी सुकत चाललीय आणि तुम्ही तिला त्याचं बक्षीस देताय? मनोनिग्रह म्हणे! तुमच्या स्टाफरूममागे तुमचा संडास आहे त्याला कुलूप आहे का? तुम्ही गळ्यात पाटी घालून जाता का? साहेब, तुम्ही जाता का? मागच्या वेळी मी तुमच्या ऑफिसातून थँक्यू म्हणून गेले, माझं चुकलं. तेव्हाच हे कुलूप तोडायला पाहिजे होतं. द्या चावी!”

मॅडमनी शिपाईण आशाबाईंकडे बघितलं. आशाबाई खारीगावच्या, तोंडाला पदर लावून कडेला उभ्या होत्या. “माज्याजवल न्हाय,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “मॅडमच्या पर्समदी हाय.”

एव्हाना आणखी मुली उभ्या राहिल्या होत्या. पाचवीतल्या, सातवीतल्या, दहावीतली एक उंच मुलगी. कोणी हात वर केला नव्हता, कोणी विचारलं नव्हतं, नुसत्या उभ्या राहिल्या होत्या. मागे एका आईने आपल्या मुलीला नाव घेऊन हाक मारली, “जा तू पण, उठ!” साहेबांनी रुमालाने मान पुसली आणि पुटपुटले, “द्या हो, देऊन टाका. तमाशा नको.” देवस्थळी मॅडमनी पर्स उघडली. चावी पुढे करताना त्या खरोखर दुखावल्या होत्या. आपलं काय चुकलं हे त्यांना अजूनही कळलेलं नव्हतं.

मिनलने समिधाच्या हातातली ढाल काढून टेबलावर ठेवली आणि तिला दंडाला धरून खाली आणली. मागे रांगच लागली. मुलांच्या बाजूने एकाने सवयीने तोंड उघडलं, “गाडी सु...” पण मिनलने वळून बघितल्यावर त्याची गाडी स्टेशनातच राहिली.

कुलूप तिने स्वतः काढलं. आत ओल, फिनेलचा उग्र वास, गळका नळ. मुली जात होत्या, येत होत्या, हात धुवून फ्रॉकला पुसत होत्या. काही जणी हसत होत्या. इशिता बाहेर आली आणि समिधाकडे न बघता निघून गेली. मिनलचा राग अजून उतरला नव्हता, पण त्यात आता थोडी ऐट मिसळली होती. घेतलं ना उघडून! दारात पंतोजीसारखी उभी राहून ती मुलींना सांगत होती, “सावकाश जा गं, पळू नका. कोणी मोजत नाहीये.”

शेवटी समिधा राहिली.

“चल, जा आता.”

समिधा आत गेली. कडी लागली. मिनल थांबली. मैदानावर माईक पुन्हा सुरू झाला होता, सुंदर हस्ताक्षराची बक्षिसं चालू होती. बराच वेळ गेला. मग कडी निघाली आणि समिधा दार अर्धवट उघडून उभी राहिली.

“झालं?”

तिने मान हलवली. नाही.

“लाजतेस काय, मी आहे इथे. कोणी नाही येत.”

“लाज नाही गं.” पोरगी भिंतीकडे बघत होती. “होतच नाही. आधी पोटात दुखायचं, मग कळायचं लागलीय. मी जोर लावून धरायचे. आता दुखत पण नाही. कालपण असंच झालं, घरी गेल्यावर नुसती बसून राहिले. आई, मला लागलीय की नाही तेच कळत नाही.”

देवस्थळी मॅडमसाठी मिनलकडे शब्द होते, साहेबांसाठी होते, गल्लीतल्या डॉक्टरसाठी तर शिव्याच होत्या. स्वतःसाठीही होत्या. पण या पोरीच्या पोटात जे कुलूप बसलं होतं त्याच्यासाठी कोणावर ओरडायचं, हे तिला सुचेना. तिने समिधाचे खांदे धरले, छातीशी घेतलं, तिच्या केसांवर ओठ टेकवले.

“आपण इथून थेट मीरा रोडला जातोय. बाबांना फोन करते, टेम्पो घेऊन येतील. पण आधी परत बस. पाय जमिनीला टेकव. जोर लावू नकोस, नुसती बस.”

समिधा आत गेली. मिनलने दार लोटून घेतलं, दाराला पाठ लावली आणि दत्तारामला फोन केला. तो गाडी काढतोय म्हणाला. हातात कुलूप होतं, कुलपात चावी.

आशाबाई घाईघाईने आल्या. “ताई, मॅडम चावी मागतात. परोग्राम संपला का बंद कराचा हाय म्हनून.”

“माझी मुलगी आत आहे,” मिनल म्हणाली. “तिचं होईपर्यंत चावी मिळणार नाही. आणि झाल्यावरपण मिळणार नाही. जाऊन सांगा त्यांना.”

आशाबाई गेल्या. मिनलने कान दाराला लावला. आतून अजून कसलाच आवाज येत नव्हता.